अलास्काच्या जहाजात कुणाला कुठली केबिन?

प्रश्न : पुढच्या जूनमध्ये आम्ही पाचजण अलास्काच्या क्रूझला निघालोय. मी, मिस्टर, ७४ वर्षांच्या सासूबाई, आणि सिएटलला राहणारी मुलगी-जावई. जहाज सिएटलहून सुटून सात दिवसांनी तिथंच परत येणार. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. घरात नीट चालतात, बाहेर काठी लागते. मुलगी म्हणते, खोलीत फक्त झोपायचंय, सगळ्यांना आतल्या, बिनखिडकीच्या केबिन घेऊ आणि वाचलेले पैसे हेलिकॉप्टरला घालू. बुकिंग करून देणारे म्हणतात, अलास्काला बाल्कनी नसेल तर जाऊच नका, आणि तीही उजव्या बाजूचीच घ्या. कुणाचं ऐकायचं?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, बाल्कनी एकच घ्या आणि ती सासूबाईंसाठी घ्या. मुलगी-जावयांना आतली केबिन चालेल. मुलगी म्हणते ते तिच्या वयाला बरोबर आहे. धडधाकट माणूस अलास्कात दिवसा केबिनमध्ये सापडतच नाही, तो वरच्या डेकवर दुर्बीण घेऊन उभा असतो. पण तिचं ‘सगळ्यांना’ मला मान्य नाही, आणि बुकिंगवाल्यांचं ‘उजव्या बाजूचीच’ही नाही.

बाजूचं आधी संपवते. कॅनडातल्या व्हँकुव्हरला बसून उत्तरेत अलास्कातल्या सुअर्ड किंवा व्हिटियर बंदराला उतरायचं असेल, तर किनारा उजव्या हाताला राहतो. उलट दिशेनं आलात तर डाव्या. तुमचं जहाज गेल्या वाटेनं परत येणार, म्हणजे जाताना जे उजवीकडे तेच येताना डावीकडे. इनसाइड पॅसेजमध्ये, म्हणजे बेटं आणि किनाऱ्यामधल्या आडोशाच्या जलमार्गात, तर कितीतरी ठिकाणी दोन्ही अंगांना डोंगर असतात. हिमनदीसमोर पोचल्यावर कप्तान जहाज सावकाश फिरवतो आणि दोन्ही बाजूंना दर्शन घडवतो. त्यामुळे बाजूसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता बाल्कनी सासूबाईंनाच का, ते सांगते. सबंध सफरीत केबिनचा खरा कस लागतो तो हिमनदीच्या दिवशी. ग्लेशियर बे घ्या. तिथं सकाळी छोट्या होडीतून राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढतात, माइकवरून माहिती सांगतात, आणि जहाज जवळजवळ दिवसभर त्या खाडीत असतं. तोंडापासून आत मार्जरी हिमनदीपर्यंत अंतर शंभर किलोमीटरच्या वर. ही हिमनदी सुमारे दीड किलोमीटर रुंद, आणि पाण्यावर उभी असलेली तिची भिंत साधारण २५० फूट. समोर जहाज बराच वेळ थांबतं. डेकवर कठड्याशी माणसांच्या तीन-तीन रांगा लागतात, बर्फावरून येणारा वारा कानात शिरतो, बसायला जागा मिळाली तर नशीब. जूनमध्ये जुनो शहरात दुपारी सोळा-सतरा अंश असतं, पण या वाऱ्यापुढे त्या आकड्याला अर्थ नाही. काठी टेकणारं माणूस तिथं दहा मिनिटं उभं राहील, मग आत काचेमागे जाऊन बसेल. एवढं लांब यायचं आणि तेवढंच बघायचं, हे मला पाहवत नाही.

माझ्या आईला मी मार्जरीसमोर बाल्कनीतच बसवलं होतं. साडीखाली थर्मल, वर स्वेटर, शाल, पायांवर जहाजातलं ब्लँकेट. खाली पाण्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. त्या बर्फात जुनी हवा कोंडलेली असते, ती सुटताना बारीक तडतड होते. डेकवरच्या गर्दीत आणि माइकच्या आवाजात ते ऐकू येत नाही. आईला ऐकू आलं. तिनं कानटोपी वर सरकवली, मला हातानं गप्प केलं आणि तशीच ऐकत बसली. मग समोरच्या भिंतीचा एक सुळका सुटला. पडताना आधी दिसला, गडगडाट मागून आला. बाल्कनीचे पैसे कशासाठी मोजायचे, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते.

त्याआधी एक काम करा. तुमच्या कार्यक्रमात हिमनदी कुठली आहे ते वाचा. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना सोडतात, त्यामुळे सिएटलहून सुटणारी बरीच जहाजं तिथं जात नाहीत. ती एंडिकॉट आर्मसारख्या अरुंद खाडीत डॉज हिमनदीकडे जातात, किंवा याकुटाटच्या बाजूला हबर्डकडे. एंडिकॉट आर्मही सुंदर आहे, दोन्हीकडचे कडे आणि धबधबे अगदी जवळून दिसतात. पण पाण्यात बर्फ फार असला तर जहाज हिमनदीपासून लांबूनच वळतं. बुकिंग अजून पक्कं नसेल तर केबिनच्या दराआधी ही ओळ तपासा. ग्लेशियर बेला जाणाऱ्या जहाजातली साधी केबिन मी दुसऱ्या जहाजातल्या भारी केबिनपेक्षा वरची धरते.

आता झोपायची व्यवस्था. सासूबाईंना एकट्यानं केबिन देऊ नका. एक तर रात्री सोबत हवी, आणि एकट्या माणसाला बहुतेक कंपन्या दोघांचं भाडं लावतात. तुम्ही, मिस्टर आणि सासूबाई, तिघांत एक बाल्कनी घ्या. तिसऱ्या माणसाचं भाडं सहसा पहिल्या दोघांपेक्षा कमी पडतं. मात्र तिसरा पलंग कसला आहे ते विचारा. काही केबिनमध्ये सोफा उघडून पलंग होतो, काहींत छतातून फळी खाली येते आणि शिडीनं चढावं लागतं. सोफ्याचीच मागा, त्यावर मिस्टर झोपतील. दोन मुख्य पलंग सुटे करून मिळतात, तेही आधीच सांगून ठेवा. मुलगी-जावयांना त्याच मजल्यावर समोरची आतली केबिन घ्या. हिमनदीच्या दिवशी पाचही जण तुमच्या बाल्कनीत आलटूनपालटून येतील. तिघांच्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर भरतात, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबू नका.

जागा निवडताना डेकचा नकाशा मागवून घ्या. ही जहाजं तीनशे मीटरच्या आसपास लांब असतात. लिफ्ट एका टोकाला आणि केबिन दुसऱ्या टोकाला आली तर सासूबाईंची रोजची जेवणाची वाट म्हणजे शिक्षा. मधल्या लिफ्टपासून पाच-सहा दारं सोडून केबिन धरा, अगदी लिफ्टला लागून नको. नकाशात तुमच्या केबिनच्या वर आणि खाली केबिनच आहेत ना, ते बघा. वर बुफे असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज छतातून येतो. खाली थिएटर असेल तर रात्री ढोल. दोन केबिनना जोडणारं दार मध्ये असेल तर शेजाऱ्यांचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येतं. आणि स्वस्त दिसणाऱ्या काही केबिनच्या खिडकीसमोर किंवा बाल्कनीखाली लाइफबोटी टांगलेल्या असतात. त्या बुकिंगमध्ये ‘अडथळा आहे’ असं नोंदवलेलं असतं, पण ते बारीक अक्षरात. विचारून घ्याच.

आता जे कुणी सांगत नाही ते. जहाजातल्या बाथरूमला उंबरा असतो, काही ठिकाणी चांगला उंच. बाल्कनीच्या दारालाही असतो, आणि ते दार जड असतं, वारा असला की आणखी जड. शॉवरची जागा एवढीशी, बऱ्याच ठिकाणी पडद्याची. ऑपरेशन झालेल्या गुडघ्यांना रात्री दोन वाजता अंधारात तो उंबरा ओलांडायचा आहे, हे डोळ्यांपुढे आणा. घरून सेलवर चालणारा छोटा दिवा न्या आणि बाथरूमच्या दाराशी ठेवा. त्यांना उंबरा झेपणारच नाही असं वाटत असेल, तर उंबरा नसलेल्या, धरायला दांड्या आणि बसून आंघोळीची सोय असलेल्या केबिन असतात. त्या अपंगांसाठी आणि खरी गरज असलेल्यांसाठी राखीव असतात, कंपनी फॉर्म भरून घेते. गरज असेल तर आजच चौकशी करा, आणि नसेल तर ती दुसऱ्या कुणासाठी सोडा.

मुलीच्या हेलिकॉप्टरला माझा विरोध नाही. जुनोत ढग खाली आले की उड्डाण रद्द होतं, तेव्हा पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या. त्या काळात सासूबाईंना एकटं ठेवू नका. वाटेतल्या स्कॅग्वे बंदराला व्हाइट पास या खिंडीची नॅरोगेज आगगाडी आहे, १९०० साली पूर्ण झालेली. कडे, बोगदे, पूल सगळं खिडकीत बसून दिसतं. माझ्या मते सासूबाईंचा तो दिवस हिमनदीच्या खालोखाल होईल.

आणि कॅनडाचा व्हिसा. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन परत अमेरिकेतच येणार असेल, तर त्याला वाटेत परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिएटलची जहाजं व्हिक्टोरियासारख्या कॅनडाच्या बंदरात थांबतात. भारतीय पासपोर्टवर तिघांनाही कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा हवा. केबिनचे पैसे भरण्याआधी हे बघा.

प्रश्न : लग्नाला वर्ष होतंय म्हणून आम्ही दोघं अलास्काला जायचं म्हणतोय. पण मला आंबोलीच्या घाटात गाडी लागते. जहाजात काय होईल? आणि कंपनी ठरवेल ती केबिन घेतली तर स्वस्त पडते, ती घ्यावी का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : बोट लागणाऱ्यानं केबिनआधी मार्ग निवडावा. व्हँकुव्हरहून निघून तिथंच परतणारी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या आतल्या बाजूनं, आडोशाच्या पाण्यातून जातात. सिएटलची बहुतेक जहाजं बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून. उत्तरेला सुअर्डपर्यंत गेलात तर अलास्काचं आखात ओलांडावं लागतं, तिथंही समुद्र खवळलेला असू शकतो. तुम्ही व्हँकुव्हरचा फेरा धरा.

केबिन जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यांवर. एसटीत मागच्या बाकावर जशी आदळआपट होते तशी इथं पुढच्या-मागच्या टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त हलतं. खालच्या डेकवरची खिडकीची केबिन तुम्हाला बरी. काच उघडत नाही, पण क्षितिज दिसतं आणि पोटाला त्यानं धीर येतो. पाणीही जवळ, आणि भाडं बाल्कनीपेक्षा बरंच कमी. अगदी पुढची मात्र नको, नांगराच्या साखळीचा आवाज पहाटे उठवतो.

कंपनी ठरवेल ती केबिन तुमच्यासाठी नाही. ती स्वस्त असते, पण जहाजाचं टोक मिळालं तर तक्रार करता येत नाही. ज्याला कुठंही झोप लागते आणि काहीच लागत नाही, त्यानं ती खुशाल घ्यावी. औषध निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या, त्रास सुरू व्हायच्या आधी घ्यायचं असतं. खिशात आलेपाक ठेवा. जूनमध्ये तिथं अठरा तासांच्या वर उजेड असतो, तेव्हा खिडकीचा जाड पडदा रात्री पूर्ण ओढून घ्या, नाहीतर पहाटे चारलाच जाग येईल.

प्रश्न : केबिनमध्ये चहा करायला विजेची किटली नेली तर चालेल का? भडंग नेता येईल का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : किटली नेऊ नका. आगीच्या भीतीनं बहुतेक कंपन्या तापणारं कुठलंही उपकरण केबिनमध्ये चालू देत नाहीत, इस्त्रीसुद्धा. चढतानाच्या तपासणीत ती काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. त्याऐवजी चांगला थर्मास न्या. बुफेमध्ये गरम पाणी मिळतं, ते भरून आणा. चहाची पावडर आणि मसाला आपला. भडंग बंद पाकिटातलं न्या, आणि अमेरिकेत उतरताना सोबत खायचे पदार्थ आहेत असं कस्टमवाल्यांना स्वतःहून सांगा. ताजी फळं, ओली मिरची, कढीपत्ता, मांसाचं काहीही बॅगेत ठेवू नका.