रिमोटवर उडणारं, वापरलेलं नायट्रो (नायट्रो इंधनावरच्या इंजिनाचं) मॉडेल हेलिकॉप्टर घेतलं, पण क्लच सुटत नाही. आयडललाच पाती फिरतात. नवा क्लच मागवू का?

थोडं थांबा, भाऊ. ५० वर्गाचं (हा इंजिनाच्या आकाराचा वर्ग) जुनं हेलिकॉप्टर, दोन वर्षं नागपुरातच कुणाच्या तरी माळ्यावर पडून होतं, इंजिन लगेच सुरू होतं पण थ्रॉटल पूर्ण खाली असूनही पाती फिरत राहतात, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून मला आधी क्लचचा नाही, त्याच्या बेलमधल्या, म्हणजे क्लचभोवतीच्या ड्रममधल्या, छोट्या बेअरिंगचा संशय येतो.

पण सगळ्यात आधी पाती काढा. वरची दोन्ही काढाच, शेपटीचीही काढा, कारण ती लहान दिसत असली तरी जास्त वेगाने फिरतात. वरच्या पात्यांचं टोक उड्डाणाच्या वेळी ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातं. क्लच न सुटणारं मशीन पाती लावून सुरू करायचं नाही, एकदाही नाही. पाती नसताना इंजिन आयडललाच ठेवा. भार नसल्यामुळे थ्रॉटल वाढवला तर ते सुसाट सुटतं.

आता हा क्लच कसा चालतो ते बघू. तुमच्या घरी बिनगिअरची स्कूटर असेलच. सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन चालू असतं पण मागचं चाक फिरत नाही, रेस दिली की क्लचचे शू बाहेर फाकतात आणि ड्रमला धरतात. जुनी लुनाही याच तत्त्वावर चालायची. इथेही तेच आहे, फक्त ड्रमला बेल म्हणतात आणि लायनिंग, म्हणजे शू जिला धरतात ती पट्टी, बहुतेक वेळा बेलच्या आतून चिकटवलेलं असतं. शू बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे आयडल २० टक्के चढला तर जोर ४४ टक्के वाढतो. त्यामुळे थोडासा चढलेला आयडलही पाती फिरवायला पुरतो.

इंजिन बंद असताना एका हाताने कूलिंग फॅन घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मेन गिअर सावकाश फिरवा. रोटरचं डोकं फिरवून तपासू नका, तिथे ऑटोरोटेशनचं, म्हणजे इंजिन बंद पडलं तरी पाती फिरत राहावीत म्हणून बसवलेलं, वन-वे बेअरिंग असतं आणि ते एका दिशेला मोकळंच फिरणार, म्हणजे तुम्ही फसणार. गिअर अगदी मोकळा फिरला तर क्लच ठीक आहे, आयडल खाली आणा. सगळीकडे सारखाच जड लागला तर बहुधा बेअरिंग. आणि बेलच्या प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी अडकला तर लायनिंगची कड सुटलीय किंवा बेल मध्यावर फिरत नाही.

बेअरिंगचं कारण सांगतो. आयडलला स्टार्ट शाफ्ट (इंजिन सुरू करायचा दांडा) फिरत असतो आणि बेल थांबलेली असायला हवी. दोघांच्या मध्ये तेच बेअरिंग असतं. बऱ्याच नायट्रो इंधनात एरंडेल तेल असतं. ते तापलं, मग आपल्याकडच्या दोन उन्हाळ्यांत माळ्यावर पडून राहिलं, की तपकिरी डिंकासारखं होतं. त्या डिंकाने शाफ्ट आणि बेल एकमेकांना धरून ठेवतात आणि शू आत असले तरी पाती फिरतात. बेल काढून बेअरिंग बोटावर फिरवा. खरखर लागली किंवा मधात फिरवल्यासारखं वाटलं तर धुवत बसू नका, बदला. व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा आणि बेअरिंगच्या दुकानात तेच माप सांगा. शक्यतो धातूच्या झाकणाचं, म्हणजे झेडझेड घ्या. रबरी सीलचं थोडं ओढतं, आणि इथे आपल्याला ओढच नको आहे.

आयडलबद्दल एक नागपुरी गोष्ट. मे महिन्यात ४५ अंशाला लावलेली कार्ब्युरेटरची सुई (इंधन कमी-जास्त करणारी) डिसेंबरच्या सकाळी १० अंशाला तशीच ठेवली तर हवा साधारण १२ टक्के दाट झालेली असते. इंधन तेवढंच राहतं, मिश्रण कोरडं पडतं आणि आयडल आपोआप चढतो. म्हणून थंडीत सुई थोडी उघडावी लागते. आधीच्या मालकाने कोणत्या ऋतूत ट्यून केलं होतं ते विचारून घ्या.

माझ्या स्वतःच्या जुन्या ३० वर्गाच्या मशीनमध्ये मात्र लायनिंगच निघालं होतं. बेल उजेडात धरली तर पट्टीची एक कड नखाएवढी वर आलेली, आणि त्या जागी शूवर चकचकीत ओरखडा. जुना गोंद पूर्ण खरवडला, अॅसिटोनने पुसलं, उष्णता सोसणारं इपॉक्सी लावलं आणि पट्टी दाबून धरायला आत सायकलच्या ट्यूबची घट्ट गुंडाळी बसवली. पूर्ण २४ तास हात लावला नाही. गोंद कडेने बाहेर आला असेल तर तो सुकण्याआधी पुसायचा, नाहीतर शू त्यालाच अडकतात. ती पट्टी पुढे कधी सुटली नाही.

शूची बुडाशी जी बारीक मान असते ती भिंगाने बघा. तिथे केसासारखी चीर दिसली, किंवा शू फाकलेलेच राहिले असतील, तर मग नवा क्लच मागवा. वाकवून, घासून सरळ करू नका. तुटलेला शू बेल फोडून बाहेर येऊ शकतो.

परत जोडताना क्लच मध्यावर आहे का ते डायल गेजने बघायला हवं, ०.०५ मिलिमीटरच्या आत. गेज नसेल तर हिंगणा एमआयडीसीतला एखादा ओळखीचा लेथवाला पाच मिनिटांत बघून देईल. बोल्टना थ्रेडलॉक विसरू नका. नंतरही पहिली सुरुवात डोकं हाताने घट्ट धरूनच, आणि उडवायला सोनेगाव विमानतळापासून लांब जा. डिजिटल स्कायच्या, म्हणजे ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशात हिरवा पट्टा (उडवायला मोकळा भाग) कुठे आहे ते आधी बघा.

गिअर फिरवल्यावर सारखा जड लागतो की एकाच जागी अडतो, एवढं आज कळवा. बेलच्या आतला एक फोटोही टाका, लायनिंग वाचतंय का ते बघून सांगतो.