पाच पुस्तकं आणि शनिवारची अंघोळ

“ताई, शनिवार-रविवारी वाचायला काहीतरी सुचवा, रोजच्या जगण्यात विश्वास टिकवणारं.” आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळींतून हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. पूर्वी मी लगेच यादी द्यायचे. आता आधी विचारते, घरात अर्धवट वाचून ठेवलेलं काय काय आहे?

सुहासिनी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला आली ती अशी पुस्तकांची पिशवीच घेऊन. वय बेचाळीस, वडगाव शेरीला घर, एका शाळेच्या ऑफिसात हिशेबाचं काम. माझ्या टेबलावर तिनं पाच पुस्तकं मांडली, सगळी भक्तिपर. खुणेसाठी एकात पीएमपी बसचं तिकीट, एकात औषधाच्या दुकानाची पावती, एकात मुलाच्या शाळेची नोटीस. एकही खूण तिसाव्या पानापलीकडे गेली नव्हती. पहिल्या पंधरा पानांत मात्र ओळी अगदी पट्टी ठेवून अधोरेखित केलेल्या.

“दर शनिवारी ठरवते, आज तासभर वाचायचंच. पुस्तक उघडलं की आबांची हाक येते. मग चिडचिड. रविवारी उपासनेत बसते तेव्हा वाटतं, मी ढोंगी आहे. माझा विश्वासच कमी पडतो का हो?”

आबा म्हणजे सासरे. पक्षाघातानंतर दोन वर्षं अंथरुणावर. शनिवारी त्यांची अंघोळ, दाढी, चादरी बदलणं, सगळं हिच्याकडे. मंडळीतल्या एका भगिनीनं सल्ला दिला होता, प्रार्थना वाढव. हिनं पहाटे साडेचारचा गजर लावला. झोप आणखी कमी झाली.

पहिल्या दोन भेटींत पुस्तकांना मी हातही लावला नाही. झोप, भूक, पाळी, रडू कधी येतं, जगणं नको असं कधी वाटतं का, एवढंच विचारलं. तसं वाटत नव्हतं. तरी फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. विश्वास कमी पडतोय म्हणून येणाऱ्या बायकांपैकी काहींचं आधी रक्तच कमी पडत असतं. हे मी पाळकसाहेबांनाही सांगत असते.

आणि माझी एक चूक. काही वर्षांपूर्वी अशाच एका बाईला मी वर्षभरात बायबल पूर्ण करायचं वेळापत्रक दिलं होतं. 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला तीनाहून जास्त. जानेवारी संपता संपता माणूस तिसऱ्या पुस्तकातल्या, लेवीयच्या, होमबलींपाशी येतो आणि तिथंच बसतो. तीही बसली, आणि मला तोंड दाखवायची लाज वाटून यायचीच बंद झाली.

सुहासिनी तिसऱ्या भेटीत म्हणाली, “पंडिता रमाबाई केडगावात एवढ्या मुलींचं सांभाळून बायबलचं भाषांतर करत होत्या. मला दोन पानं होत नाहीत.”

म्हटलं, बरं, रमाबाईंचंच बघू. ते भाषांतर वर्षानुवर्षं चाललं. त्या 1922 मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल छापून आलं ते 1924 मध्ये. आणि त्या एकट्या नव्हत्या. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनचा छापखानासुद्धा तिथल्या बायका-मुली चालवायच्या. तुमच्या घरात किती हात आहेत?

ती बोटं मोजायला लागली आणि एका बोटावर थांबली.

मग आम्ही बायबलमधला 1 राजे, अध्याय 19 काढला. संदेष्टा एलीया थकून झुडपाखाली पडतो, मरण मागतो. देवदूत येतो तो प्रवचन देत नाही. उठवून खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो. सुहासिनी हसली आणि हसता हसता रडू लागली. “मला तर घरात कुणी चहासुद्धा विचारत नाही.”

पुढच्या भेटीला नवऱ्याला बोलावलं. माणूस वाईट नव्हता; त्याला वाटायचं हिला ते ‘जमतं’. वडिलांना अंघोळ घालायची त्याला भीती वाटायची, हातातून निसटले तर? दोन शनिवार दोघांनी मिळून करायचं, तिसऱ्यापासून त्यानं एकट्यानं, असं ठरलं.

वाचनाचंही ठरलं. पाचही पुस्तकं कपाटात. बायबलमधलं तेरावं स्तोत्र, जेमतेम सहा ओव्या, देवाला सरळ ‘कुठवर?’ असं विचारणारं. हे आबांवर राग येईल त्या दिवसासाठी. बायबलमधलंच रूथचं पुस्तक, चारच अध्याय, पण घाई नाही, एका शनिवारी एक. आणि विश्वास संसारात कसा दिसतो हे बघायचं तर लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, मिळेल ते पान उघडून. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई 1900 मध्ये. मधली फरफट, नवऱ्यावरचा राग, हातात पैसा न टिकणारं घर, काही लपवलेलं नाही, आणि तरी वाचताना हसू येतं. माझ्या मते शंभर बोधवचनांपेक्षा हे जास्त कामाचं आहे. पट्टी आणि पेन्सिल मात्र बंद.

सातव्या भेटीला ती रिकाम्या हातानं आली. विचारलं, रूथ कुठवर आलं?

“तिसऱ्या अध्यायात झोप लागली. चांगली दीड तास.”

“मग?”

“मग काय, उठून बघते तर ह्यांनी आबांची अंघोळ उरकलेली आणि दाढी अर्धीच. म्हणाले, हनुवटीखाली हात थरथरतो, ती तू कर. आबा तसेच अर्ध्या फेसात बसलेले, मला विचारतात, वाचून झालं का गं तुझं?”