नैराश्याच्या गोळ्यांनी दहा दिवसांत फरक पडला नाही, तर त्या बंद कराव्यात का?

स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. या गोळ्यांचा गुण दिसण्यास साधारणतः २ ते ४ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, मळमळ किंवा तोंडाची कोरड मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते, आणि नेमका तेव्हाच धीर सुटतो. माझाही सुटला होता; ठाणे लोकलमध्ये खिडकीची जागा मिळूनही डोळे भरून येत आणि गोळ्यांची पट्टी डब्याच्या पिशवीत तशीच पडून असे. त्रास डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी गोळी घेण्याची वेळ बदलून दिली.

खर्चाची अडचण असल्यास ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. जीव नकोसा वाटू लागल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे.