तळघर सुकवण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

सप्रेम नमस्कार.

म्हापशातील घराखालचे १,४०० चौरस फुटांचे तळघर एका व्यापाऱ्याला दरमहा १२,००० रुपये भाड्याने गोदाम म्हणून द्यायचे आहे, पण ओल गेल्याशिवाय तो करार करायला तयार नाही, असे आपण लिहिले आहे. त्यासाठी ३ लाखांची मुदत ठेव मोडून १,६०,००० रुपयांचे औद्योगिक डीह्युमिडिफायर (हवेतील बाष्प काढून घेणारे यंत्र) घ्यावे, की रोज ५० लिटर पाणी काढण्याच्या क्षमतेची, प्रत्येकी ४५,००० रुपयांची तशीच दोन छोटी यंत्रे घ्यावीत, हा आपला प्रश्न आहे.

माझे मत दोन यंत्रांच्या बाजूने आहे, परंतु खरेदीपूर्वी ओलीचे मूळ शोधावे. प्लास्टिकचा एक तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले, तर चिऱ्यांतून पाझर येतो आहे असे समजावे. बाहेरच्या बाजूला साचले, तर दोष हवेतील दमटपणाचा. (ही परीक्षा भर पावसात घ्यावी, मे महिन्यात तिचा उपयोग नाही.) यंत्र हवेतले बाष्प काढते, पाझर थांबवत नाही. त्यामुळे पाझर असल्यास पहिला पैसा भिंतींच्या वॉटरप्रूफिंगवर आणि अंगणातील पाण्याच्या निचऱ्यावर घालावा, नाहीतर विजेचे बिल दरवर्षी भरूनही माल ओलाच राहील.

यंत्राच्या पाटीवर लिहिलेली क्षमता बहुधा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेली असते; हवा कोरडी होत जाते तसे यंत्र बरेच कमी पाणी काढते. एका मोठ्या यंत्रापेक्षा दोन बरी: एक बिघडले तरी दुसरे चालू राहते, आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की एकावर भागू शकते. तळघर जमिनीखाली असल्याने पाणी नळीने आपोआप बाहेर जाणार नाही, तेव्हा छोट्या पंपाचा खर्च धरावा.

प्रत्येक यंत्र ८०० वॅटचे धरून दोन्ही रोज १० तास चालवल्यास १६ युनिट, म्हणजे चार महिन्यांत १,९२० युनिट लागतील. युनिटला ५ रुपये धरले तर ९,६०० रुपये. वर्षाच्या १,४४,००० भाड्यापुढे हा खर्च झेपणारा आहे. मात्र भाडे घरमालमत्तेच्या उत्पन्नात धरले जात असल्यास ३० टक्के ठरावीक वजावट मिळते, यंत्राचा घसारा वेगळा मिळत नाही, म्हणून करबचतीचा हिशेब यात मिळवू नये.

९०,००० रुपयांसाठी सगळी ठेव मोडणे मला पटत नाही. ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्यावा, म्हणजे ठेव तारण ठेवून बँकेकडून लागेल तेवढेच पैसे उचलावेत. व्याज वापरलेल्या रकमेवरच लागते आणि साधारण आठ महिन्यांच्या भाड्यात ती रक्कम फिटते. ‘नो कॉस्ट’ म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचा मोह टाळावा, कारण त्यात प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा आपल्यालाच भरावा लागतो, शिवाय रोख खरेदीवरची सूटही जाते.

यंत्रे घेण्याआधी करार लेखी करून घ्यावा. त्यांचे वीजबिल कोण भरणार आणि यंत्र बंद राहून माल खराब झाल्यास नुकसान कोणाचे, हे त्यात स्पष्ट असावे, आणि तळघरासाठी वेगळा सबमीटर बसवावा.