बटणापाशी टाकलेली खुर्ची

चि.,

ही दोन अक्षरं सवयीनं लिहिली आणि मलाच हसू आलं. चिरंजीव कोण असतं? पण राहू दे, खोडत नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रामकुंडावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, सगळे तासभर उन्हात ताटकळले, कुणीतरी ‘काही इच्छा राहिली असेल’ म्हणालं आणि आईनं हंबरडा फोडला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. या कशावरच विश्वास नसलेला तू मात्र रात्रभर बाबांची कोणती इच्छा राहिली ते आठवत बसलास, आणि आता त्याचीच लाज वाटते म्हणतोस. अरे, तिथं सकाळपासून इतके पिंड मांडलेले असतात की उन्हं चढेपर्यंत कावळ्यांची पोटं भरलेली असतात. कावळ्याचं एवढंच. इच्छेचा प्रश्न मात्र तुझा स्वतःचा आहे. तो आईला विचार, तिला ठाऊक असेल.

न मानता मुंडन केलंस, विधी केलेस, त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. आईसाठी केलंस. शिवाय दुःखात माणसाच्या हाताला काम लागतं, हे आपल्या जुन्या लोकांना बरोबर कळलं होतं. तेरा दिवस कुणी ना कुणी सांगत असतं, आता आंघोळ कर, आता तीळ घे. चौदाव्या दिवशी पाहुणे जातात आणि आपल्यासारख्यांची खरी पंचाईत सुरू होते.

तुझ्या काकू मे महिन्यात गेल्या, भर दुपारी. नेत्रदानाचं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. फोनवर मला सांगितलं गेलं की पापण्या मिटवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि पंखा बंद करा, वाऱ्यानं बुबुळाचा पडदा सुकतो. सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. घरात माणसं दाटलेली, घामाच्या धारा. कुणी ना कुणी उठून पंखा लावायचं, मी जाऊन बंद करायचो. तीनदा झालं. मग बटणापाशीच खुर्ची टाकून बसलो. मधूनमधून उठायचं, बोट लावून कापूस बघायचा, सुकत आला की पुन्हा भिजवायचा. त्या दिवसातलं मला तेवढंच लख्ख आठवतं. डॉक्टर आले तेव्हा वाटलं, आपण आपलं काम नीट केलं.

पुढं लोक म्हणायचे, ‘काकू अजून बघताहेत हो.’ मी मान डोलवायचो, पण मला ते पटत नाही. बुबुळाचा पडदा म्हणजे खिडकीची काच. बघणाऱ्या त्या होत्या, आणि त्या गेल्या. हा मागच्या दारानं आणलेला पुनर्जन्मच झाला. कुणाला तरी दिसू लागलं असेल, मला तेवढं पुरतं.

तू चार्वाक वाचलास, ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस वाचलास. एक म्हणतो, जळून राख झालेला देह परत कुठून येणार. दुसरा म्हणतो, आपण आहोत तोवर मरण नाही आणि मरण आलं की आपण नाही. पटलं म्हणतोस, पण झोप येत नाही. कशी येईल? ही औषधं स्वतःच्या मरणाच्या भीतीवरची आहेत. जेवायला बसताना एक ताट कमी मांडावं लागतं, त्यावर ती चालत नाहीत. तरी जवळ असू देत. ‘बाबा आता एकटेच कुठं असतील’ असं मध्यरात्री मनात आलं की कामाला येतात. ते कुठंच एकटे नाहीत रे. आता त्यांना काही सोसायचं उरलेलं नाही.

मला जास्त उपयोग झाला किसा गोतमीचा. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती बुद्धाकडं गेली. तो म्हणाला, ज्या घरात कुणी मेलं नाही तिथून मोहरी आण. मरण कुणाला चुकत नाही, असं त्याचं तात्पर्य सांगतात. मला वाटतं, खरं औषध त्या फिरण्यात होतं. दारोदार कुणी नवऱ्याचं सांगितलं असेल, कुणी मुलीचं. हिनंही आपल्या बाळाचं सांगितलं असेल. बुद्धानं तिला स्वर्ग कबूल केला नाही.

रविवारी सकाळी सातला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ये. माझे गुडघे कुरकुरतात, सावकाश चढू. वर चोवीस लेणी आहेत, एखाद्या ओट्यावर टेकू. बाबांची एखादी आठवण घेऊन ये. माझ्याकडंही एक आहे, तू सातवीत असतानाच्या पालकसभेची. तुझं गणिताचं प्रगतिपुस्तक बघून ते मला काय म्हणाले होते, हे त्यांनी घरी नक्कीच सांगितलं नसणार.

तुझा,
सर