आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) मध्ये सर्व्हेच्या क्रॉस-टेबलला मीन (सरासरी), एसडी (प्रमाण विचलन) आणि एन (नोंदींची संख्या) कसे जोडायचे?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की एनएफएचएस-5 चा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी) महिलांचा डेटा आहे, शिक्षण आणि शहरी-ग्रामीण असं टेबल आरच्या सर्व्हे पॅकेजमधल्या एसव्हीवायटेबल (svytable) फंक्शनने काढलंय आणि आता प्रत्येक खान्यात बीएमआयचा मीन, एसडी आणि किती जणी होत्या ते हवंय. एसव्हीवायटेबलला हे चिकटवत बसू नका, मी दोन दिवस घालवलेत त्यात. ते फक्त वेटेड (प्रत्येक नोंदीला तिचं सर्व्हेतलं वजन लावून केलेली) मोजणी देतं, त्याच्या पलीकडे त्याला काही येत नाही.

त्याच पॅकेजमध्ये एसव्हीवायबाय (svyby) आहे, ते वापरा. पहिला फॉर्म्युला बीएमआयचा, दुसरा शिक्षण अधिक वस्ती, मग डिझाईन (डेटा, वेट आणि नमुना कसा निवडला हे एकत्र सांगणारा ऑब्जेक्ट), मग फंक्शन. एकदा एसव्हीवायमीन देऊन चालवा, एकदा एसव्हीवायव्हार (त्याचं वर्गमूळ म्हणजे तुमचा एसडी, एसव्हीवायमीनसोबत येतो तो एसई, म्हणजे मीनची प्रमाण त्रुटी, एसडी नव्हे, यात भलेभले घसरतात) आणि एकदा अनवेटेड काउंट (unwtd.count, वजन न लावलेली साधी मोजणी). तिन्ही मर्ज करा. काउंटबरोबर एसईचा शून्यांनी भरलेला कॉलम फुकटात येतो, तो आधी उडवा नाहीतर मर्ज केल्यावर कुठला एसई कशाचा तेच कळत नाही.

आता डेटाबद्दल, कारण खरी गोची तिथे आहे. वेटच्या कॉलमला, म्हणजे व्ही005 ला, दहा लाखांनी भागायचं हे बहुतेकांना माहीत असतं. पण बीएमआय म्हणजे व्ही445 मध्ये दशांशचिन्ह नसतं, 2145 म्हणजे 21.45, आणि 9998 हा बीएमआय नाहीच, तो गडबड असलेल्या नोंदीचा कोड आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा नुसतं शंभरने भागून मोकळा झालो, मीन जरासा वाढला होता, कुणाला संशयही आला नसता, पण एसडी दुपटीच्या वर गेला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की काही बायका 99.98 बीएमआय घेऊन फिरतायत! म्हणून एसडी जोडताय ते बरंच करताय. 9998 आणि 9999 दोन्हींना एनए (आरमधली रिकामी नोंद) करा, आणि ते डिझाईन बनवायच्या आधी.

गरोदर बायका बीएमआयमधून वगळायच्या असतात, पण त्या मात्र आधी फिल्टर करू नका, महाराष्ट्र वेगळा काढायचा असेल तरी तेच. पूर्ण डेटावर डिझाईन बनवा (क्लस्टर, म्हणजे नमुन्यात निवडलेली वस्ती-गावं, व्ही021; स्ट्रॅटा, म्हणजे नमुना निवडण्याआधी पाडलेले गट, व्ही022) आणि मग त्या डिझाईनवर सबसेट लावा. आधीच कापलंत तर मीन तोच येतो पण एसई चुकू शकतो, आणि एखाद्या स्ट्रॅटममध्ये एकच क्लस्टर उरला तर एररही येते.

'एकूण'ची ओळ खान्यांच्या मीनची सरासरी काढून भरू नका, खान्यांचं वजन सारखं नसतं. एसव्हीवायबाय पुन्हा चालवा, फक्त वस्ती देऊन, आणि ती ओळ खाली जोडा.

एन दाखवताना अनवेटेडच दाखवा. एनएफएचएसच्या रिपोर्टमध्येही 25 ते 49 अनवेटेड केसेस असतील तर आकडा कंसात आणि 25 पेक्षा कमी असतील तर आकड्याऐवजी नुसती चांदणी असते, तुम्हीही तसंच करा, गाईड खूश होतात.

जीटीसमरी हे टेबलांचं दुसरं पॅकेज दिसायला छान आहे, पण त्यातलं बाय (गट पाडायचा पर्याय) एकाच व्हेरिएबलचं, तुमच्या दुहेरी टेबलला मी तरी एसव्हीवायबायच लावलं असतं.