सत्तरीला टेकलेल्या रॉक कलाकारांच्या कॉन्सर्टसाठी पंधरा-वीस हजारांचं तिकीट काढावं का?

तुम्ही विचारलंय की आवडत्या जुन्या बँडचा मुंबईत कार्यक्रम लागला, गायक सत्तरीला टेकलेला आणि पुढच्या भागाचं तिकीट पंधरा-वीस हजारांच्या घरात, तर पैसे वसूल होतात का. माझं मत: कार्यक्रमाला जरूर जा, पण सगळ्यात महाग तिकीट शक्यतो काढू नका. आणि पैसे भरण्याआधी तासभर गृहपाठ करा, कारण या वयाच्या कलाकारांच्या बाबतीत नाव तेच असलं तरी माल तोच असेल याची खात्री नसते.

आधी स्टेजवर नक्की कोण उभं राहणार ते बघा. गन्स अँड रोझेस डिसेंबर २०१२ मध्ये बंगळुरू, मुंबई आणि गुडगावला येऊन गेले, तेव्हा मूळच्या पाचांपैकी फक्त गायक ॲक्सल रोझ होता. मे २०२५ मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवलं तेव्हा जुना गिटारवाला स्लॅश आणि बेसवाला डफ मकेगनही सोबत होते. पोस्टरवर नाव एकच, पण गिटार ऐकायला जाणाऱ्यासाठी हे दोन वेगळे कार्यक्रम. लिनर्ड स्किनर्डचा शेवटचा मूळ सदस्य गॅरी रॉसिंग्टन मार्च २०२३ मध्ये वारला, तरी बँड दौरे करतो आहे. क्वीनच्या नावाने ब्रायन मे आणि रॉजर टेलर वाजवतात, गातो बाहेरून आलेला ॲडम लॅम्बर्ट. यात फसवणूक काहीच नाही, सगळं जाहीर असतं. पण तुम्ही ज्या माणसासाठी पैसे मोजताय तो त्या यादीत आहे ना, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात.

मग आवाज. वाढत्या वयाचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. गिटारवाल्याचे हात सत्तरीतही बऱ्यापैकी चालतात, कीबोर्डवाल्याचेही. ड्रमरचे खांदे आणि पाठ आधी बोलायला लागतात. मुळात ड्रमर असलेल्या फिल कॉलिन्सने २०२२ मधले जेनेसिस बँडचे शेवटचे कार्यक्रम खुर्चीत बसून गायले आणि ड्रम्सवर त्याचा मुलगा होता. सगळ्यात जास्त मार बसतो तो वरच्या सप्तकात किंचाळणाऱ्या गायकांना. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरच्या स्वरयंत्राला सप्टेंबर २०२३ मध्ये कार्यक्रमातच इजा झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बँडने दौरे कायमचे थांबवले. याउलट ज्यांचं गाणं मुळातच खालच्या, बोलक्या आवाजातलं आहे (उदाहरणार्थ डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर), त्यांचं वयोमानाने फारसं बिघडत नाही.

उंच गाणारे मग काय करतात? पट्टी उतरवतात. पांढरी तीनमधलं गाणं काळी दोनमध्ये येतं, कधी थेट पांढरी दोनमध्ये. यात गैर काही नाही. सवाईत बुजुर्ग गायकाने पट्टी खाली घेतली तर आपण त्याची गायकी ऐकतो, आवाजाचा जोर मोजत बसत नाही. रॉकच्या श्रोत्याला मात्र कॅसेटवर ऐकलेलंच हवं असतं, म्हणून तिथे निराशा होते. तपासायचं असेल तर मूळ रेकॉर्ड आणि नवा व्हिडिओ पाठोपाठ लावा, हातात हार्मोनियम किंवा मोबाइलवरचा ट्यूनर घ्या. एक सावधगिरी: सगळ्या खालच्या पट्ट्या वयामुळे आलेल्या नसतात. गन्स अँड रोझेसचा १९८७ चा पहिला अल्बमच अर्धा स्वर खाली लावलेल्या गिटारींवर केलेला आहे.

व्हिडिओ बघताना बँडच्या अधिकृत चॅनेलवरचे बघू नका, त्यात आवाज बऱ्याचदा नंतर नीट करून घेतलेला असतो. प्रेक्षकांनी मोबाइलवर काढलेले, गेल्या दोन महिन्यांतले बघा. पहिलं गाणं सोडून द्या, तेव्हा सगळेच ताजे असतात. शेवटच्या अर्ध्या तासातलं एखादं उंच गाणं निवडा आणि कडव्याच्या वरच्या ओळीला काय होतं ते ऐका. गायक माइक प्रेक्षकांकडे वळवतो का? मागच्या गायिका ती ओळ उचलतात का? एकदा झालं तर तो लाडिकपणा, प्रत्येक गाण्यात त्याच जागी झालं तर ती ओळ आता त्याला पेलत नाही असं समजा. दोन-तीन वेगवेगळ्या शहरांतले व्हिडिओ बघा, एखाद्या दिवशी कुणाचाही घसा बसू शकतो.

सेटलिस्ट डॉट एफएमवर मागच्या दहा कार्यक्रमांची गाण्यांची यादी मिळते. एखाद्या बँडची यादी रोज जशीच्या तशी असते, मग तुमचं आवडतं गाणं त्यात नसेल तर मुंबईत ते अचानक उगवणार नाही. बॉब डिलनचं प्रकरण याहून निराळं. २०२१ पासूनच्या दौऱ्यात तो मुख्यतः २०२० च्या अल्बममधली गाणी गातो, बराच वेळ पियानोपाशी असतो, जुन्या गाण्यांच्या चाली ओळखू येणार नाहीत इतक्या बदलतो आणि प्रेक्षकांचे फोन दारातच कुलूपबंद पिशवीत जातात. ज्याला हे ठाऊक असतं त्याच्यासाठी ती पर्वणी. ज्याला दोन-चार गाजलेली गाणीच माहीत आहेत त्याचे पैसे पाण्यात.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे ती दहाच्या काट्याची. उघड्यावर रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे आणि वर्षातले सणा-उत्सवांचे मोजके दिवस सोडले तर सवलत मिळत नाही. त्यामुळे परदेशात अडीच-तीन तास वाजवणारा बँड इथे उशिरा स्टेजवर आला तर कात्री गाण्यांना लागते. मुख्य बँडची वेळ काय जाहीर झाली आहे ते बघा, गेट उघडायची वेळ नव्हे.

आता जागा. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

स्टेजला चिकटून असलेल्या उभ्याच्या भागात, म्हणजे फॅन पिटमध्ये, आवाज सगळ्यात चांगला असतो असा समज आहे. तो चुकीचा आहे. मुख्य स्पीकर स्टेजच्या दोन्ही बाजूंना उंच टांगलेले असतात आणि त्यांचा मारा तुमच्या डोक्यावरून मागे जातो. अगदी पुढच्यांसाठी स्टेजच्या काठावर छोटे स्पीकर ठेवतात, पण तिथे ड्रम्स आणि गिटारच्या ॲम्प्लिफायरचा थेट आवाज त्यांच्यावर चढतो, खाली बेसचे मोठे स्पीकर छातीवर आदळतात आणि गायकाचे शब्द गढूळ होतात. आवाज सगळ्यात सरळ येतो तो साउंड मिक्सरच्या आसपास, मैदानाच्या मधोमध ताडपत्री आणि कठडे लावलेलं जे मचाण असतं तिथे. कारण उघड आहे: बँडचा साउंड इंजिनिअर तिथे उभा राहून, स्वतःच्या कानांनी ऐकून सगळं जुळवत असतो. त्या मचाणाच्या जरा पुढे, मधल्या रेषेत जागा मिळाली तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दर्जाच्या तिकिटात पहिल्या दर्जाचा आवाज मिळतो.

फार मागे गेलात तर वेगळाच प्रकार होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे १०० मीटरवर तो पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोहोचतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात हे अर्ध्या ठोक्यापेक्षा जास्त झालं. ड्रमरची काठी आधी पडलेली दिसते, आवाज मागून येतो. मधल्या खांबांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढे उशिरा सोडलेले असतात, त्यामुळे शब्द स्पष्ट ऐकू येतात, पण हात आणि आवाज यांचा मेळ बसत नाही. एखाद्याच्या गिटारवरच्या बोटांसाठी जाणार असाल तर हे खटकतं.

मैदानाप्रमाणेही हिशेब बदलतो. रेसकोर्स सपाट आहे, त्यामुळे मागच्या भागात पडद्याशिवाय काही दिसत नाही. उंची पाच फूट तीन इंच असेल तर मधल्या भागातही पुढच्यांचे वर केलेले मोबाइलच दिसतील. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमसारख्या ठिकाणी (यू-टूने १५ डिसेंबर २०१९ ला तिथे दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम केला) चढत्या पायऱ्या आहेत, म्हणून स्टेजच्या समोरच्या टोकाकडचा खालचा किंवा मधला स्टँड चांगला. स्टेजच्या काटकोनातले बाजूचे स्टँड नकाशावर जवळ दिसतात, पण तिथून अर्धा बँड स्पीकरच्या मागे जातो. वरच्या मजल्याच्या छताखालच्या शेवटच्या रांगाही टाळा, तिथे बेस घुमत राहतो. लास व्हेगासच्या स्फिअर या घुमटाकार सभागृहातही हीच गोम आहे. तिथे सगळी मजा डोक्यावरच्या पडद्याची, आणि खालच्या १०० क्रमांकाच्या विभागाच्या मागच्या रांगांवर वरच्या मजल्याचा सज्जा येऊन पडदाच कापला जातो. अमेरिकेतले वाचक तिथे जाणार असतील तर २०० किंवा ३०० चा मधला विभाग घ्या.

व्हीआयपी पॅकेजबद्दल थोडक्यात: आत काय आहे ते शब्दशः वाचा. 'लवकर प्रवेश', गळ्यात घालायचं कार्ड, पोस्टर, वेगळा बार, वेगळी स्वच्छतागृहं, बहुतेक वेळा इतकंच असतं. कलाकाराची भेट लिहिलेली नसेल तर ती होत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला वेगळ्या स्वच्छतागृहाची किंमत कळते, ही गोष्ट वेगळी. चार वाजता गेट, दहाला शेवट, सहा तास उभं राहायचं आणि बाहेर गेलात की परत प्रवेश नाही. गुडघे कुरकुरत असतील तर फॅन पिटपेक्षा खुर्चीचं स्वस्त तिकीट जास्त सुख देईल.

किमती एवढ्या का चढल्या? रेकॉर्ड विकून मिळणारा पैसा आटला आणि दौरे हेच मुख्य उत्पन्न झालं. १९९४ मध्ये ईगल्स पुन्हा एकत्र आले तेव्हा शंभर डॉलरच्या वरची तिकिटं बघून लोक चकित झाले होते. आता मागणीनुसार भाव चढतो. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या २०२३ च्या दौऱ्याची काही तिकिटं विक्रीच्या वेळी चार-पाच हजार डॉलरपर्यंत गेली. ३१ ऑगस्ट २०२४ ला ओएसिसच्या विक्रीत तासन्‌तास रांगेत थांबलेल्यांना सुमारे १५० पौंडांचं उभ्याचं तिकीट ३५५ पौंडांना दिसलं. हे अटळ नसतं. द क्युअरच्या रॉबर्ट स्मिथने २०२३ मध्ये अमेरिकेत भाव चढवायला नकार दिला, २० डॉलरपासून तिकिटं ठेवली आणि त्यावरच्या अवाच्या सवा फीबद्दल भांडून ग्राहकांना तिकिटामागे ५ ते १० डॉलर परत मिळवून दिले.

म्हणून पहिल्या दिवशी घाबरून भलतंच तिकीट घेऊ नका. कोणता विभाग आणि जास्तीत जास्त किती रुपये, हे आधी कागदावर लिहा. लॉगिन करून ठेवा, पत्ता आणि कार्डाची माहिती भरून ठेवा. यूपीआय ऐनवेळी अडकलं तर हातची जागा जाते, म्हणून दुसरा पर्याय तयार हवा. विशिष्ट बँकेच्या कार्डधारकांना आधी विक्री असते ती तपासा. विक्री संपल्यावरही सगळं संपत नाही: दुसरी तारीख लागते, आणि स्टेज प्रत्यक्ष उभारल्यावर किती जागा अडते हे कळलं की राखून ठेवलेल्या जागा शेवटच्या दोन-तीन दिवसांत खुल्या होतात. त्या बऱ्याचदा मिक्सरच्या आजूबाजूच्या आणि मूळ दरात असतात. अमेरिका-युरोपात हे हमखास घडतं, आपल्याकडे कधीमधी. रोलिंग स्टोन्स काही स्वस्त तिकिटं 'लकी डिप' म्हणून जोडीने विकतात, जागा कुठली ते त्या दिवशीच कळतं. कोल्डप्लेने जानेवारी २०२५ च्या भारत दौऱ्यात २,००० रुपयांची तशीच तिकिटं काढली होती.

त्याच कोल्डप्लेच्या वेळी अडीच हजारांची तिकिटं पुनर्विक्रीत लाखाच्या भाषेत बोलली जात होती आणि प्रकरण मुंबई पोलिसांपर्यंत गेलं. तिकडे जाऊच नका. अशा साइटवर कित्येकदा विकणाऱ्याच्या हातात तिकीटच नसतं, आधी तुमच्याकडून पैसे घेऊन मग तो शोधायला निघतो. एकच क्यूआर कोड तिघांना विकला असेल तर गेटवर पहिला पोहोचेल तो आत.

पुण्याहून, नाशिकहून येणार असाल तर प्रवास आणि हॉटेल धरून हिशेब करा. कार्यक्रम रद्द झाला तर तिकिटाचे पैसे परत येतात, बुकिंगची फी अनेकदा नाही, आणि गाडी-हॉटेलचे तर नाहीच. ऑक्टोबर २०११ मध्ये मेटालिकाचा गुडगावचा कार्यक्रम प्रेक्षक आत आल्यावर रद्द झाला. सत्तरीतल्या माणसाचा घसा किंवा पाठ धरण्याची शक्यता त्याहून जास्त. रद्द करता येणारं हॉटेल घ्या, शेवटची लोकल बघून ठेवा.

'शेवटचा दौरा' या शब्दांवर जास्त पैसे मोजू नका. स्कॉर्पिअन्सने २०१० मध्ये निरोप जाहीर केला, त्यानंतरही वर्षानुवर्षं ते वाजवत राहिले. किस या बँडने निरोपाचा दौरा दोनदा केला. एल्टन जॉनने मात्र जुलै २०२३ मध्ये खरंच दौरे थांबवले. आणि ऑझी ऑसबोर्न ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये सिंहासनावर बसून गायला, २२ जुलैला वारला. त्या दिवशी त्याच्या आवाजाची प्रत कुणी मोजली नसेल. असा एखादा कलाकार तुमचा असेल, त्याचे अल्बम तुम्हाला शेवटच्या गाण्यापर्यंत पाठ असतील, तर वरचे सगळे हिशेब बाजूला ठेवून एकदा जा, फक्त पुनर्विक्रीतून नको.

आणि कानात घालायला संगीतासाठी मिळणारे इअरप्लग घेऊन जा, फोमचे नकोत, त्यांनी वरचे स्वर मरतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवली आहे, स्टेजजवळ ती सहज ओलांडली जाते. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये बहिरेपणाच्या धोक्यामुळे दौरा अर्धवट सोडावा लागला होता, आणि त्याला तर तिथे उभं राहायचे पैसे मिळत होते.